केहीमकरांचा इतिहासग्रंथ

परमुलखातून येऊन स्थायिक झालेल्या समाजाचा इतिहास त्यातील माणसानेच लिहिला, असे उदाहरण शोधू लागलो की हाइम सॅम्युएल केहीमकर यांचे नाव आम्हांस प्रथम आठवते. कोकणातील बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, यांचे ते इतिहासकार. १८७५ साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. शाळा चालविण्याचा व्याप काय असतो, हे आपणां शिक्षकांस सांगावयास नको.

अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले व सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी या समाजाची परंपरागत कथा. केहीमकर हे आगमन इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले मानतात. त्यास समकालीन लेखी पुरावा नाही. ग्रंथाचा हा भाग दुबळाच म्हटला पाहिजे. पण त्याची थोरवी तेथे नाहीच. ती समाजाचा आचार, सण व लग्नविधी आतून पाहून नोंदविण्यात आहे. हे लोक तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. आडनावे तर गावांचीच: पेणकर, रोहेकर, दिवेकर. खुद्द लेखकाच्या नावात किहीम गाव आहे. मूळ देश कथेत राहिला, आडनावात मात्र कोकण आले.

१८९७ साली इंग्रजीत लिहून झालेला हा ग्रंथ लेखकाच्या हयातीत छापला गेला नाही. तो निघाला १९३७ साली, तेल अवीव येथे. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. कोकणातील ज्या जीवनाचे त्यात वर्णन आहे, ते पाहावयास आज गावोगाव माणसे उरलेली नाहीत.

आमच्या बालाघाटात वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवार माळव्यातून आल्याचे सांगतात. रसेल व हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात त्यांची नोंद केली आहे. हिरालाल विद्वान, आरंभी शिक्षकही. तथापि या समाजाचे ते नव्हेत. येथे आडनावांचा प्रकार कोकणाच्या उलट आहे. बिसेन, पटले, टेंभरे, राहांगडाले ही नावे गावांची नव्हेत, कुळांची. नव्या गावाने ती बदलली नाहीत. बदलली ती बोली. घरातील पोवारीत मराठी किती मुरली आणि हिंदी किती, हे चुलीजवळ बसून ऐकणाऱ्यासच कळेल, आणि ती बोली अस्खलित बोलणारी पिढी आता आजीआजोबांची आहे.