४० वेळा हापसलं की १५ लिटर

रिसोडला हार्डवेअरच्या दुकानासमोर एक माणूस काळा रबरी वायसर नाकाशी धरून वास घेत होता. मग त्याने तो चिमटीत दाबला, कडेवरून नख फिरवलं आणि दुकानदाराला परत दिला. "टायरचा आहे हा. दुसरा दाखवा." दुसऱ्या पुडक्यातला प्रत्येक वायसर त्याने तसाच हुंगला, तेव्हा कुठे पैसे दिले. कशाचे आहेत म्हणून विचारलं, तर "बोरिंगचे" म्हणाला. हातपंप दुरुस्त करणारा हा मिस्त्री. रबराची परीक्षा नाकाने करणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता, म्हणून त्याच्याबरोबर तालुक्यातल्या एका गावी गेले.

पंप बंद नव्हता. पाणी येत होतं, पण पुष्कळ हापसल्यावर आणि करंगळीएवढ्या धारेने. घागरींची रांग तशीच अडून होती. मिस्त्रीने पान्याला हातही लावला नाही. १५ लिटरची खूण केलेला तेलाचा डबा तोटीखाली ठेवला आणि मोजून हापसायला लागला. "४० मारले का १५ लिटर आलं पाहिजे, ताई. बाकी सारं बोलणं मागून." डबा अर्धाही भरला नाही.

हा आकडा त्याच्या मनचा नाही. इंडिया मार्क टू पंपाच्या सिलिंडरचा आतला व्यास ६३.५ मिलिमीटर असतो आणि दट्ट्या एका खेपेला १२५ मिलिमीटर वर येतो. म्हणजे दर खेपेला साधारण ४०० मिलिलिटर, ४० खेपांत जेमतेम १६ लिटर. त्यातली थोडी गळती सोडली की १५. सिलिंडर जमिनीखाली शंभर फुटांवर, पितळी अस्तराच्या आत दट्ट्या, आणि दट्ट्यावर वाटीच्या आकाराचे दोन वायसर. झिजायचं असतं ते त्यांनीच. मिलानच्या अकिले गाजियाने १९४८ मध्ये बाजारात आणलेल्या दांड्याच्या कॉफीयंत्रातही दट्ट्याभोवतीची रबरी कडीच आधी जाते, आणि जुनी यंत्रं सांभाळणारे शौकीन तिच्यासाठी वणवण करतात. इथे त्या कडीवर गावाचं पाणी अवलंबून आहे.

मार्क टूचे वायसर बदलायचे तर हेड उतरवून सगळे पाईप उपसावे लागतात. तीन मीटरचा एक पाईप, असे दहा. एक वर ओढायचा, खालच्याला चिमटा लावून धरायचा, वरचा सोडवायचा. चिमटा सुटला तर अख्खी माळ बोरमध्ये जाते. म्हणून दोन तरण्या पोरांना मिस्त्री बोलू देत नव्हता, नजर हलवू देत नव्हता. नंतर आलेल्या मार्क थ्रीमध्ये पाईप मोठ्या व्यासाचे ठेवले, त्यामुळे नुसते आतले रॉड ओढून दट्ट्या बाहेर काढता येतो. या गावाच्या वाट्याला मार्क टूच आला आहे.

दट्ट्या वर आला, तेव्हा वायसरची कड एका अंगाने पार पातळ झालेली दिसली. "रेतीनं खाल्लं असतं तर चारही बाजूंनी खाल्लं असतं," तो म्हणाला. "रॉड वाकला आहे कुठंतरी." मांडलेल्या रॉडांवरून त्याने तळहात फिरवला आणि सातवा उचलला. मला तो सरळच दिसत होता. दगडावर फिरवल्यावर टोक डुलताना दिसलं.

दुसरा रॉड त्याच्या गोणीतून निघाला. त्या गोणीत चेन, बेअरिंगं, एक्सल, व्हॉल्वच्या रबरी बैठका, सगळं कायमच्या आटलेल्या बोरांवरून ग्रामपंचायतीला विचारून उतरवलेलं. एका गावचा भाग दुसऱ्या गावच्या पंपाला नेमका बसतो, आणि या बसण्यामागे मोठी कथा आहे. पूर्वी परदेशी घरगुती पंपांच्या बिडाच्या नकला गावोगाव बसवल्या जात. एका कुटुंबासाठी बेतलेला पंप अख्ख्या गावाने दिवसभर हापसला की तो मोडायचाच. १९७२ च्या दुष्काळाच्या आसपास बेसाल्टात बोर मारणं वाढलं, पण वर टिकेल असा पंप नव्हता. त्याचं उत्तर आपल्याच भागातून आलं. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमध्ये लोखंडी, एकाच खिळीवर फिरणारा पंप तयार झाला; सोलापूरला त्याच वाटेने आणखी चांगला पंप झाला. त्यावरून युनिसेफ, सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीच्या मद्रासच्या कारखान्याने मार्क टू बेतला. पेटंट कोणी घेतलं नाही. १९७९ मध्ये आयएस ९३०१ हे भारतीय मानक ठरलं, प्रत्येक भागाचं माप ठरलं, आणि म्हणून एका गोणीवर तालुका सांभाळता येतो. जालना रिसोडपासून फार लांब नाही. तरी या पंपाचं माहेर कुठलं, हे इथे कोणाला ठाऊक नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

आधी वायसर कातड्याचे असत. बसवण्यापूर्वी ते तेलात मुरवावे लागत, आणि पंप कोरडा राहिला की आखडत. १९८० च्या दशकात कोइम्बतूर भागात मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांत नायट्राइल रबराचे वायसर कितीतरी जास्त टिकले. पण नायट्राइलच्या नावाखाली जुन्या टायरच्या रबरापासून केलेला मालही विकला जातो. दिसायला दोन्ही सारखेच. फसवा वायसर घातला तर पोरांनी उपसलेले दहा पाईप थोड्याच दिवसांत पुन्हा उपसायचे.

घराघरांत नळ आले आहेत. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटरचं उद्दिष्ट आहे, आणि ते पुरं व्हावं असं मलाही मनापासून वाटतं. पण वीज गेली की नळाला पाणी नाही. हातपंपाला वीज लागत नाही. नळ आला म्हणून पंपाचे वायसर घ्यायचं सोडून देणं मला धोक्याचं वाटतं.

पाईप परत उतरले, हेड बसलं. पहिल्या ४० ला पाणी १५ च्या खुणेखाली बोटभर राहिलं. मिस्त्रीने डबा ओतून दिला, दोन्ही पोरांना आळीपाळीने हापसायला लावलं आणि पुन्हा मोजलं. या वेळी खूण बुडाली. रांगेतली पहिली घागर लागली, तोवर तो वाकलेला रॉड मोटरसायकलला बांधत होता. सरळ भाग ठेवून टोकाला नवे आटे पाडायचे होते. पंपाचा सगळ्यात वरचा रॉड जागेवर मापाला कापावाच लागतो, तिथे आखूड तुकडाही चालतो. लेथवाला सहाला दुकान बंद करतो, म्हणून त्याने चहाला नाही म्हटलं.