तीस लाख अंशांचा ताप मोजायचा कसा?

आजचा प्रश्न ऐकायला साधा आहे. तीस लाख अंश तापलेल्या वस्तूचं तापमान मोजायचं कसं? थर्मामीटर लावायची सोय नाही, लावला तर त्याचीच वाफ होईल!

अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरला नॅशनल इग्निशन फॅसिलिटी आहे. तिथे 192 लेसर झोत सोन्याच्या एका नळकांड्यात शिरतात. लांबी साधारण एक सेंटीमीटर. आतली भिंत तापून प्लाझ्मा होतो, त्यातून क्ष-किरण निघतात आणि ते मधल्या इंधनाच्या गोळीला चहूबाजूंनी दाबतात. सगळा खेळ सेकंदाच्या काही अब्जांश भागांत संपतो.

आता बघा, लोखंड तापलं की आधी लाल, मग पिवळं दिसतं. रंगावरून लोहाराला ताप कळतो. इथेही तेच, फक्त हा 'रंग' क्ष-किरणांत असतो, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून 'डांटे' नावाचं उपकरण नळकांड्याच्या तोंडातून आत बघतं. त्याला 18 चॅनेल आहेत. प्रत्येकाचा फिल्टर वेगळा, म्हणजे प्रत्येक चॅनेल क्ष-किरणांचा वेगळा पट्टा मोजतो. सगळे आकडे जुळवले की तापमान मिळतं. गंमत म्हणजे तापमान दुप्पट झालं की उत्सर्जन सोळापट होतं. त्यामुळे उत्सर्जन मोजताना चार टक्के चूक झाली, तरी तापमानात एकच टक्का चुकतो.

पण नुसता ताप मोजून भागत नाही. पगार किती ठरला आणि हातात किती पडला, यात फरक असतो ना? तसंच लेसरचं. थोडा प्रकाश प्लाझ्मावरून उलटा फिरतो. तोही मोजतात. लेसर अतिनील असतो. परतलेला प्रकाश जवळपास तसाच असेल तर तो ध्वनीसारख्या लाटांवरून आला. दृश्य रंगांकडे सरकला असेल तर इलेक्ट्रॉनांच्या लाटांवरून.

2012 पर्यंतच्या मोहिमेत प्रज्वलन साधलं नाही. सुमारे 15 टक्के ऊर्जा अशी परत जात होती. कारण हे एकटंच नव्हतं, पण मोजलंच नसतं तर दोष कुठे शोधणार? पुढे नळकांड्यातला वायू कमी केला, ही गळती घटली, इतरही बरंच सुधारलं. आणि 5 डिसेंबर 2022 ला 2.05 मेगाज्यूल लेसर ऊर्जा देऊन 3.15 मेगाज्यूल संलयन ऊर्जा मिळाली.

हिशेब चोख ठेवला, म्हणून गळती सापडली.