अंगठा चोखणाऱ्या पोराला मिरची लावू नका

पोरगं अंगठा सोडेना म्हणून आम्हीही मिरची लावली होती. तोच हात डोळ्यात गेला अन् रात्रभर रडारड झाली.

बालरोगतज्ज्ञ असा उपाय सांगत नाहीत. बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांत ही सवय आपोआप सोडतात. पुढेही चालू राहिली तर वरचे दात पुढे येतात, तोंड मिटलं तरी पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत.

डॉक्टर आधी विचारतात, मूल अंगठा कधी चोखतं? झोपताना, कंटाळल्यावर की घाबरल्यावर? मग सांगतात: रागावू नका. न चोखलेल्या दिवशी कॅलेंडरवर खूण करून शाबासकी द्या. रात्री हातात सुती मोजा घाला. तरीही सुटली नाही तर दातांचे डॉक्टर टाळूला तार बसवतात.

सहाव्या वर्षाच्या सुमारास कायमचे दात येऊ लागतात. त्याआधीच दाखवून घ्या.