‘सोबत कोण आहे?’ : रुग्णालयांच्या सुगमतेबद्दलचे गैरसमज

केसपेपरच्या खिडकीवर व्हीलचेअरवरचा माणूस आला की आतून पहिला प्रश्न येतो, ‘सोबत कोण आहे?’ आजार काय, नाव काय, हे नंतर. आपल्याकडच्या रुग्णालयांचा निम्मा कारभार या एका प्रश्नावर चालतो. पायऱ्या असतील तर भाऊ उचलून नेईल, नंबर ऐकू आला नाही तर बायको ऐकेल, फॉर्म वाचता आला नाही तर मुलगा वाचेल. इमारतीत आणि कामकाजात जे राहून गेलं ते नातेवाइकांनी भरून काढायचं. ते बिचारे भरूनही काढतात, म्हणून उणीव कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. त्यातून काही समजुती पक्क्या झाल्या आहेत.

गैरसमज : रॅम्प बांधला की झालं

दारात तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी 6 इंची. म्हणजे चढ दीड फुटाचा. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा तीव्र नसावा. दीड फूट चढायचं तर रॅम्प किमान 18 फूट लांब हवा. प्रत्यक्षात ‘पार्किंगची जागा जाते’ म्हणून तो 6 फुटांत उरकला जातो. अशा चढावर स्वतः चाकं ढकलत जाणं अशक्य, आणि उतरताना खुर्ची हातातून सुटते. त्यावर चकचकीत ग्रॅनाइट बसवला असेल तर पावसाळ्यात कुबडीवाल्यांचीही धडगत नाही.

समजा रॅम्प नीट बांधला. तो दारापाशी संपतो. दिव्यांगांची पाटी लावलेल्या स्वच्छतागृहाला बऱ्याच ठिकाणी कुलूप असतं. किल्ली मामांकडे, आणि मामा जेवायला गेलेले. उघडलंच तर आत बादल्या, पोछे, फिनेलचे कॅन. त्यातून दार आतल्या बाजूला उघडणारं असेल तर घोळ आणखी वाढतो. आत कुणी पडलं तर त्याच्या अंगानेच दार अडतं आणि बाहेरून मदत पोचत नाही. म्हणून दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं, मोकळी रुंदी 900 मिलिमीटर हवी, आणि आत खुर्ची वळवायला 1500 मिलिमीटर व्यासाची रिकामी जागा हवी.

या सगळ्यापेक्षा मला जास्त खटकतं ते तपासणीचं टेबल. व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून साधारण दीड फुटावर असते, टेबल अडीच फुटांच्याही वर. मग डॉक्टर म्हणतात, ‘राहू द्या, खुर्चीतच बघतो.’ बसलेल्या माणसाचं पोट नीट तपासता येत नाही. पाठीवरची, ढुंगणावरची जखम दिसत नाही. बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी तर वर्षानुवर्षं होतच नाही, आणि स्तनांच्या तपासणीचं यंत्र बाई उभी राहील असं धरूनच बसवलेलं असतं. वजनाचंही तसंच. काट्यावर उभं राहता येत नाही म्हणून कागदावर अंदाजे आकडा पडतो, आणि भुलीच्या औषधाचा हिशोब त्याच आकड्यावर होतो. भुसार मालाच्या दुकानात असतो तसला सपाट काटा ओपीडीत ठेवला, खुर्चीसकट वजन केलं आणि खुर्चीचं वजा केलं, तर प्रश्न मिटला. उंची कमी-जास्त होणारं एखादं टेबल मात्र विकत घ्यावं लागेल.

गैरसमज : दिव्यांग म्हणजे व्हीलचेअरवरचा माणूस

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यातले सुमारे 29 लाख 60 हजार महाराष्ट्रात. हालचालीचं अपंगत्व असलेले त्यात साधारण पाचवा हिस्सा, देशभरात 54 लाखांच्या आसपास. ऐकण्याचं आणि दृष्टीचं अपंगत्व असलेले प्रत्येकी 50 लाखांच्या घरात. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते 21 झाले. स्वमग्नता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे सगळे आता त्यात येतात. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागांत सिकलसेल घरोघरी ठाऊक आहे. त्याच्या कळा उठतात तेव्हा माणूस बाहेरून धडधाकट दिसतो, आणि जोराचं वेदनाशामक मागितलं की त्याच्याकडे संशयाने पाहिलं जातं. त्याला रॅम्पचा काय उपयोग?

कर्णबधिर माणसाबद्दल तर आणखी एक पोटसमजूत आहे : सावकाश, मोठ्याने बोललं की त्याला ओठांवरून कळतं. आरशासमोर उभं राहून, आवाज न काढता ‘पोट दुखतं’ आणि ‘बोट दुखतं’ म्हणून बघा. ओठ हुबेहूब सारखेच हलतात. प, ब, म हे सारेच ओठ मिटून निघणारे, त्यामुळे डोळ्यांना त्यांच्यात फरक दिसत नाही. क, ग घशाकडून येतात, ते ओठांवर उमटतच नाहीत. त्यात डॉक्टरांच्या तोंडावर मास्क. ओठ वाचणारा माणूस बराचसा मजकूर संदर्भावरून जुळवत असतो, आणि औषधाच्या डोसाच्या बाबतीत असा अंदाज महागात पडतो. वही-पेन्सिल कामाची आहे, पण ज्यांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे त्यांना लिहिलेली मराठी दरवेळी सोपी जाते असं नाही. त्यांच्यासाठी दुभाषा लागतो, निदान व्हिडिओ कॉलवर. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून श्रवण-वाचा क्षेत्रात काम करते आहे. राज्यातल्या रुग्णालयांना चौकशी कुठून सुरू करायची याचं उत्तर त्यामुळे फार लांब नाही.

गैरसमज : सोबतच्या माणसाशी बोललं तरी चालतं

प्रौढ दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता असते, असं 2016 चा कायदा सांगतो. अंध बाई स्वतःच्या शस्त्रक्रियेला स्वतः संमती देऊ शकते. कागद तिला वाचून दाखवायचा, शंका विचारू द्यायच्या आणि सही घ्यायची. ‘नवऱ्याची सही आणा’ म्हणण्याचं कारण नाही. सही करता येत असताना अंगठा पुढे ओढून शाईत बुडवणं हा तर निव्वळ अपमान. गर्भपाताच्या बाबतीत कायदा आणखी कडक आहे. दिव्यांग स्त्रीच्या स्पष्ट संमतीशिवाय गर्भपात घडवून आणणाऱ्या उपचारासाठी 6 महिन्यांपासून 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गंभीर अपंगत्व असेल तेव्हाच डॉक्टरांचं मत आणि पालकाची संमती यांवरचा अपवाद आहे.

शिवाय सगळं सोबतच्या माणसासमोर बोलता येत नाही. पाळी चुकलीय, घरात मार बसतो, नैराश्याच्या गोळ्या सुरू आहेत, हे सासूच्या तोंडून सांगायचं कसं? आणि मारणाराच सोबत आला असेल तर? ‘तुम्ही दोन मिनिटं बाहेर थांबा’ हे वाक्य डॉक्टरांनी अशा वेळी आवर्जून वापरावं.

दृष्टिहीन माणसाला दंडाला धरून ढकलत नेऊ नये. आपलं कोपर पुढे करावं, तो धरतो आणि आपल्या मागोमाग चालतो. तीन गोळ्यांच्या तीन स्ट्रिप सारख्याच लागत असतील तर एकीला एक रबर, दुसरीला दोन. फार्मसीत हे जागच्या जागी होऊ शकतं.

गैरसमज : त्रास होतोय तो अपंगत्वामुळेच

वागण्यात फरक पडला, की तो ‘त्याचं तसंच असतं’ या खात्यावर टाकला जातो. न बोलणारा स्वमग्न मुलगा अचानक स्वतःच्या गालावर मारू लागला तर आधी दात आणि कान तपासायला हवेत. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीचं बोलणं अस्पष्ट असतं म्हणून तिला काही कळत नाही, असं धरून चालणारे सुशिक्षितही पुष्कळ.

एक उदाहरण जरा जवळून बघू. छातीच्या मध्याच्या वर मज्जारज्जूला इजा झालेला माणूस कॅज्युअल्टीत येतो. डोकं फुटेल असं दुखतंय, चेहरा लाल, घाम. रक्तदाब 150. ‘टेन्शन घेतलंय, फार नाही,’ म्हणून त्याला आडवं झोपवलं जातं. पण अशा माणसांचा नेहमीचा दाब बहुधा कमी, 100 च्या आसपास असतो. त्याच्यासाठी 150 म्हणजे धोक्याची घंटा. कारण पुष्कळदा अगदी साधं असतं : लघवीची नळी दुमडलेली, मूत्राशय तुंबलेलं. खाली काही जाणवत नसल्यामुळे शरीर ते असं बोलून दाखवतं. त्याला उठवून बसवायचं, कपडे सैल करायचे, नळी तपासायची. दुर्लक्ष झालं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. गंमत अशी की रुग्णाला स्वतःला हे सगळं पाठ असतं आणि तो सांगतही असतो.

त्यालाच नंतर बेड मिळेपर्यंत स्ट्रेचरवर सहा तास ठेवलं तर कमरेखाली बेडसोर सुरू होतो. दर दोन तासांनी कूस बदलायला हवी, हे सिस्टरना शिकवलेलं असतं; पण वॉर्डातल्यांसाठी. स्ट्रेचरवरचा माणूस अजून कुणाचाच नसतो. ती जखम भरायला पुढे महिने लागतात.

गैरसमज : एवढा खर्च परवडणार कसा?

लिफ्टला पैसे लागतात, हे खरं. पण नंबर पुकारण्याबरोबर पडद्यावर दाखवायला, पायरीच्या कडेला ठसठशीत पिवळी पट्टी मारायला, खिडकीचा एक कोपरा खाली घ्यायला कितीसे लागतात? गोंगाट सहन न होणाऱ्या मुलाच्या आईला ‘बाहेर गाडीत थांबा, नंबर आला की फोन करतो’ म्हणायला तर काहीच नाही.

गैरसमज : दिव्यांग रुग्ण असतो, डॉक्टर नव्हे

ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्याला वाचा आणि भाषेचं 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व होतं. केवळ तेवढ्या टक्केवारीवरून कुणाला एमबीबीएसला अपात्र ठरवता येणार नाही, अभ्यासक्रम झेपेल का हे तपासून ठरवा, असं न्यायालय म्हणालं. आपल्या खुर्चीला टेबलाची उंची जुळत नाही हे कळायला चौकशी समिती न लागणारे डॉक्टर त्यामुळे पुढे वाढतील.

गैरसमज : हे सरकारी दवाखान्यांचं काम, खासगीचा संबंध नाही

कायद्याच्या कलम 25 मध्ये सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळ्यांविना प्रवेश, असे शब्द आहेत; तपासणीत आणि उपचारात प्राधान्यही त्यातच आहे. ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत लोकांचा वावर असलेली खासगी इमारतही येते. जुन्या इमारती सुगम करायला नियम लागू झाल्यापासून 5 वर्षं दिली होती. नियम जून 2017 मधले, म्हणजे मुदत जून 2022 मध्येच सरली. त्यानंतरही ‘या नुसत्या शिफारशी आहेत’ ही पळवाट होती. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या नियमांतला तो भाग कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे किमान निकष आखायला सांगितलं. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत, पुढच्या वेळी 50 हजार ते 5 लाख रुपये दंड आहे.

महाराष्ट्रात तक्रार ऐकणारे दिव्यांग कल्याण आयुक्त पुण्यात बसतात. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यांबाबत दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. अर्जात ‘गैरसोय होते’ एवढंच लिहिलं तर तो फायलीत पडून राहील. पायऱ्यांची उंची, रॅम्पची लांबी, दाराची रुंदी टेपने मोजून लिहावी, टेप लावलेले फोटो जोडावेत, आणि कुलूप असलेल्या दाराच्या फोटोवर तारीख-वेळ दिसेल असं बघावं.