एकास सत्त्याऐंशी

१९९८ साली आपल्याकडे दोन रेल्वे सुरू झाल्या. पहिली, कोकण रेल्वे, २६ जानेवारीला. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, वाटेत नव्वदच्या आसपास बोगदे, आणि अभियंत्यांना शेवटपर्यंत छळणारा पेडण्याचा तो मऊ मातीतला बोगदा. दुसरी १ एप्रिलला. ती पुण्यात कोथरूडमध्ये जी. ए. कुलकर्णी पथावर, लहान रेल्वेच्या संग्रहालयात, एका दालनात मावते. पहिलीच्या मागे ई. श्रीधरन आणि त्यांची फौज होती. दुसरीच्या मागे होते भाऊसाहेब जोशी, त्यांचं घर आणि त्यांचा सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्स हा कारखाना.

पहिली रेल्वे आमच्या आंबोलीच्या पायथ्यापर्यंत आली आणि तिथूनच गोव्याकडे वळली. सावंतवाडी रोड स्थानक मळगावला, आंबोली वर घाटमाथ्यावर. रूळ इथे कधीच चढले नाहीत. एकोणिसाव्या शतकात वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल याच घाटातून बेळगावकडे जायचा. १८८०च्या दशकात मुरगाव बंदरातून कॅसल रॉककडे रूळ चढले आणि मालानं वाट बदलली. त्यामुळे आंबोलीत बसून रेल्वेचा विचार करायचा, तर तो लहान आकारातच केलेला बरा. एकास सत्त्याऐंशी.

जगभरच्या मॉडेल रेल्वेवाल्यांचं हे सर्वांत लाडकं प्रमाण. ते एचओ या नावानं ओळखलं जातं. खऱ्या रेल्वेतली सत्त्याऐंशी मीटर लांबीची वस्तू इथे एक मीटरची होते. जोशींच्या संग्रहालयातल्या गाड्या याच मापाच्या. या मापानं कोकण रेल्वे मोजली तर गंमत होते. ७४१ किलोमीटरचे साडेआठ किलोमीटर उरतात. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल खरा ६४ मीटर उंच आहे, तो जेमतेम पाऊण मीटरवर येतो आणि पडवीत उभा राहतो. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा मात्र पंचाहत्तर मीटरचाच राहतो. म्हणजे आळीतल्या सगळ्या घरांच्या भिंती फोडल्याशिवाय तो काही व्हायचा नाही. जर्मनीत हॅम्बुर्गला ब्राउन बंधूंनी २००१ साली उघडलेल्या मिनिअटूर वुंडरलांडमध्ये आज पंधरा किलोमीटरहून जास्त रूळ आहेत. त्यातल्या साधारण निम्म्या रुळांत रोहा ते ठोकूर अख्खी मांडून होईल. जागा आणि पैसा कुणाचा, हा प्रश्न वेगळा.

भाऊसाहेबांकडे हॅम्बुर्गचा पैसा नव्हता. होता तो छंद, आणि चिकाटी. १९८२ साली त्यांनी हलवता येणारी पहिली मांडणी केली. १९८४ मध्ये पुण्यातल्या गोपाळ हायस्कुलात एका जागी बसवलेली मांडणी लोकांना दाखवली. १९९१ पासून कायमच्या मांडणीचं काम धरलं आणि ते लोकांसमोर यायला सात वर्षं लागली. पुढे त्यांचे चिरंजीव डॉ. रवी जोशी यांनी ते सांभाळलं. आपल्याकडे एका माणसाच्या वेडातून उभ्या राहिलेल्या संस्था त्या माणसाबरोबरच संपतात, असा अनुभव आहे. ही टिकली, याचं श्रेय मी घरच्यांना देतो. रोज रूळ पुसणारं कुणी नसेल तर मॉडेल रेल्वे महिनाभरात मरते.

आत गेल्यावर दिसतं ते एक अख्खं गाव, बरंचसं युरोपी वळणाचं. वाफेची गाडी, आधुनिक गाडी, डोंगर चढणारी गाडी, वरच्या रुळाला लटकून जाणारी गाडी. रस्त्यावर धावणारी वाहनं, सर्कस, पोहण्याचा तलाव, मोटारीत बसून सिनेमा पाहायचं मैदान. सिग्नल ६५. निवेदनाबरोबर एकेक गाडी सुटत जाते, मग संध्याकाळ पडते आणि खिडक्यांतून दिवे लागतात. मुलं गाड्यांकडे बघतात. मोठी माणसं, विशेषतः नोकरीत कधी तरी तारा जोडलेली माणसं, टेबलाखाली काय असेल याचा अंदाज बांधत उभी असतात.

टेबलाखालचं जगच या छंदाचं खरं पोट. साध्या मांडणीत दोन रुळांतून बारा व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह जातो. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, दिशा उलटवली की गाडी मागे येते. एका रुळावर दोन गाड्या हव्या असतील तर रूळ तुकड्यांत कापून प्रत्येक तुकड्याची वीज वेगळी ठेवावी लागते. पुढच्या तुकड्यात गाडी असेल तर मागच्याची वीज बंद, सिग्नल लाल. खऱ्या रेल्वेतही गाड्यांमधलं अंतर राखण्याचं तत्त्व हेच, फक्त तिथे वीज तोडण्याऐवजी ड्रायव्हरनं थांबायचं असतं. अलीकडच्या डिजिटल पद्धतीत रुळांतून वीज आणि आज्ञा दोन्ही एकत्र जातात आणि प्रत्येक इंजिन आपल्या क्रमांकाची आज्ञा तेवढी ऐकतं. तारा कमी होतात, भांडणं होत नाहीत असं मात्र नाही.

अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४६ साली विद्यार्थ्यांनी टेक मॉडेल रेलरोड क्लब काढला. त्यात सरळ दोन पंथ पडले. एक टेबलावरचा: डोंगर, झाडं, डबे रंगवणारा. दुसरा टेबलाखालचा: टेलिफोन खात्याच्या जुन्या रिलेंमधून सगळी यंत्रणा उभी करणारा. या खालच्या मंडळींनी पुढे विद्यापीठातल्या संगणकांवर रात्री काढल्या आणि ‘हॅकर’ हा शब्द आजच्या अर्थानं जगाला दिला. मला यात संगणकापेक्षा वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. या दोन पंथांचं एकमेकांवाचून चालत नव्हतं. झाड लावणाऱ्याला डाख देता येत नाही, डाख देणाऱ्याला झाड जमत नाही. इतकी सरळ गरज असलेली मैत्री प्रौढपणी फार कमी ठिकाणी सापडते.

युरोप-अमेरिकेत हा छंद हिवाळ्याचा मानतात. बाहेर बर्फ, म्हणून माणसं तळघरात. आपल्याकडे घरात कोंडून घालतो तो पाऊस. त्या हिशेबानं वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस घेणारी आंबोली मॉडेल रेल्वेचं माहेरघर व्हायला हवी होती. पण ज्या चार महिन्यांत वेळच वेळ असतो, त्याच चार महिन्यांत काम करता येत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस पिशवीतच ओल खाऊन मरतं. फेव्हिकॉल आज लावला तर परवाही हाताला चिकटतो. पुठ्ठ्याच्या स्टेशनला बुरशी धरते. लाकूड फुगतं, आणि तेव्हाच त्यावर रूळ ठोकले तर हिवाळ्यात लाकूड आक्रसतं, धातू तेवढा आक्रसत नाही, आणि सरळ रुळाला मधेच कुबड येतं. उलट थंडीत टाकलेल्या रुळांना पावसात सांध्यांत फटी पडतात. फट बुजवता येते, तार टाकून जोडता येते. कुबड काढायला सगळं उखडावं लागतं. म्हणून इथेही हा छंद हिवाळ्याचाच, मात्र कोरडेपणासाठी, थंडीसाठी नव्हे. खुद्द कोकण रेल्वेसुद्धा पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू चालवते आणि पाऊस सरला की वेग वाढवते.

आंबोलीत मॉडेल रेल्वेचा क्लब नाही. पण असता, तर त्याचं वर्ष तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालं असतं. तोच दशावताराचाही हंगाम. गावोगावच्या जत्रांत रात्र रात्र नाटकं चालतात, त्यामुळे जत्रेच्या रात्री टेबलाशी कुणी फिरकणार नाही हे आधीच धरून चालावं. बाकीच्या संध्याकाळी सामान जमवायला बाजार लागत नाही. वेलीवरच वाळलेल्या घोसाळ्याची जाळी कापून रंगवली की लहान झाडाचा घेर होतो. खडीसाठी बारीक चाळलेली वाळू रुळांत पसरायची, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकायचा आणि ड्रॉपरनं सोडायचा. साबणामुळे ते मिश्रण वाळूवर थेंब धरून न बसता आत मुरतं. रात्रभर थंडीत वाळलं की दगड. आणि जमिनीसाठी जांभ्याची भुकटी, कारण कोकणातल्या रेल्वेचे कापलेले उतार दुसऱ्या कुठल्या रंगात शोभत नाहीत. फक्त ती टाकण्याआधी तिच्यातून चुंबक फिरवायचा. जांभ्यात लोह असतं. चुंबकाला चिकटणारे कण राहिले तर इंजिनाच्या मोटारीतला चुंबक ते ओढून घेतो आणि मग गाडी कण्हत चालते.

झाडं, माती, घरं होतील. खरी अडचण रुळांची. एचओचे तयार रूळ मिळतात ते साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे. ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजला नेमके बसतात. आपला ब्रॉडगेज १६७६चा. सत्त्याऐंशीनं भागला की सव्वाएकोणीस येतात. म्हणजे भारतीय डबा प्रमाणात करून तयार रुळांवर ठेवला तर तो पाय जवळ घेऊन उभा राहिल्यासारखा दिसतो. काही जण रूळ स्वतः बनवतात. काही जण दुर्लक्ष करतात. काही जण डब्याचंच प्रमाण एकास शंभर धरतात, की साडेसोळाचा रूळ जवळजवळ जुळून येतो, पण मग बाजारातली माणसं आणि मोटारी शेजारी थोराड दिसतात. सेंटी टॉइजसारख्या भारतीय कंपनीच्या स्वस्त गाड्यांनी अनेकांना आपल्या रंगाचे डबे पहिल्यांदा दिले. ते सोलून, नवी चाकं आणि मोटार बसवून खऱ्या मांडणीवर आणण्याचा एक वेगळाच उद्योग आहे. माथेरानच्या ६१० मिलिमीटर गेजवाल्यांची कथा याहून अवघड: त्यांच्या वाट्याला सात मिलिमीटर येतात.

या सगळ्यात सावंतवाडीची चितारआळी मला सारखी आठवते. आंबोलीपासून तीसेक किलोमीटरवर लाकडाची फळं, भाज्या, खेळणी पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. तिथला आंबा मापानं नव्हे, नजरेनं आंबा असतो. त्याच्यावर कुणी पट्टी ठेवत नाही. मॉडेल रेल्वेवाला सव्वाएकोणीस की साडेसोळा यावर रात्र घालवतो, आणि चितारी एका फटकाऱ्यात देठाजवळची हिरवी छटा आणतो. दोघांनी एका टेबलाशी बसावं असं फार वाटतं. पट्टीवाल्याला नजर मिळेल. चितारीला काय मिळेल ते त्यालाच विचारावं लागेल.

आणि टेबलाशी अनेकांनी बसायची एक सोय या छंदात आधीच आहे. युरोपातल्या फ्रेमो नावाच्या संघटनेनं रुजवलेली पद्धत अशी: प्रत्येकानं आपल्या घरी रेल्वेचा एकच तुकडा करायचा. टोकांची उंची, रुळांची जागा, तारांचे जोड ठरलेले. वर्षातून काही वेळा सगळे तुकडे एका सभागृहात आणून जोडायचे. सिंधुदुर्गाला ही पद्धत बेतून दिल्यासारखी आहे. एकानं कणकवली करावी, एकानं सिंधुदुर्गनगरी, एकानं कुडाळ, एकानं झाराप, एकानं सावंतवाडी रोड. पहिला वाद वर्षाचा होणार. २०१७ च्या आधीचा काळ धरला तर दादर-सावंतवाडी गाडीवर राज्यराणी लिहायचं, नंतरचा धरला तर तुतारी. ट्रक पाठीवर घेऊन जाणारी रो-रो हवी असेल तर १९९९ च्या पुढे यावं लागेल.

पण कोकण रेल्वे निवडण्याचं खरं कारण वेगळं आहे. रोहा ते वीर २०२१ मध्ये दुहेरी झाली, बाकी मार्ग जवळपास सगळा एकेरी. समोरून गाडी येत असेल तर कुणीतरी स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबायचं. क्रॉसिंगला थांबलेली गाडी ज्यानं कुडाळच्या अलीकडे सोसली नाही तो कोकणी माणूस नव्हे. दुहेरी मार्गाची मांडणी एकटा माणूस दोन बटणं दाबून गोल गोल चालवू शकतो, आणि थोड्या वेळात कंटाळतो. एकेरी मार्गावर मात्र प्रत्येक स्टेशनात माणूस लागतो. झारापवाल्यानं घंटा दिल्याशिवाय कुडाळवाल्यानं गाडी सोडायची नाही. असे खेळ चालवणारे घड्याळही वेगानं पळवतात: सहापट वेगाच्या घड्याळात टेबलावरचा अर्धा तास खऱ्या पाच मिनिटांत संपतो. म्हणजे राजधानीला वाट द्यायला पॅसेंजर बाजूला घेतली की चहा ओतून, प्यायला सुरुवात करून, पुढच्या स्टेशनवाल्याला चार शब्द सुनावण्याइतकाच वेळ मिळतो.

राजधानी चालवायला कुणीही तयार होईल. दिवा-सावंतवाडी पॅसेंजर मात्र सगळ्यांसाठी थांबते, म्हणून ती ज्याच्याकडे असेल त्याला दर स्टेशनात कुणाशी तरी बोलावंच लागतं. पहिल्या वर्षी चिठ्ठ्या टाकाव्यात. दुसऱ्या वर्षी तिच्यासाठी भांडण होईल, असा माझा अंदाज आहे.