जुन्या मोटारीच्या दाराचे रबर

जुनी मोटार बाळगणे हे एखाद्या मानी वृद्ध आप्ताला घरी सांभाळण्यासारखेच असते. प्रकृती एकंदरीत ठणठणीत, बांधा दणकट. पण उन्हाळा सोसला तर पावसाळा बाधतो, आणि दुखण्याचे मूळ बहुधा आपण शोधतो तेथे नसतेच. पहिल्या पावसानंतर मोटारीत कुबट वास येऊ लागला, पायाखालचा गालिचा ओला लागू लागला, की पुष्कळ गृहस्थ टपाकडे किंवा समोरच्या काचेकडे संशयाने पाहतात. खरा अपराधी मात्र दाराच्या कडेला निमूटपणे बसलेला असतो. तो म्हणजे दाराभोवतीची रबराची पट्टी. कारागीर तिला 'बीडिंग' म्हणतात. तिजविषयी चार उपयुक्त गोष्टी आमच्या वाचकांपुढे ठेवाव्या, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडे जुन्या मोटारी म्हटल्या की दोन कुळे प्रथम आठवतात. पहिले अँबॅसिडरचे. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवरून घडवलेली ही गाडी १९५८च्या सुमारास बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यातून बाहेर पडू लागली व २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. दुसरे कुळ फियाटचे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीने ती मुंबईस कुर्ल्यात बांधली आणि १९७०च्या दशकात तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. या दोन्ही कुळांतील ज्या गाड्या आजोबांकडून नातवाकडे आल्या, त्यांचे एंजिन अद्यापि सुरू होते. रबर मात्र तितके दीर्घायुषी नसते.

त्याला नागपूरच्या हवेची परीक्षा विशेष कडक. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढणे नवलाचे नाही. मे २०१३ मध्ये तर तो ४७.९ अंशांपर्यंत गेला होता. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीचा पत्रा त्याहूनही कितीतरी अधिक तापतो. अशा रखरखीत उन्हाळ्यापाठोपाठ जूनमध्ये पाऊस कोसळतो. म्हणजे जे रबर दोन महिने भाजून निघाले, त्यावरच एकाएकी पाणी थोपविण्याची जबाबदारी येऊन पडते.

१८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर याने गंधक व उष्णता यांच्या योगाने कच्चे रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधून काढली, हे पुष्कळांस ठाऊक असेल. तथापि असे रबरही अमर नव्हे. हवेतील ओझोन वायू नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या साखळीवर घाला घालतो, आणि जेथे रबर ताणलेले असते तेथे आडव्या भेगा पडतात. शिवाय वर्षानुवर्षे दाराखाली दबून राहिलेले रबर आपला फुगीरपणा विसरते. कुकरचे जुने रबर ज्याप्रमाणे चपटे होऊन वाफ सोडू लागते, अगदी तोच हा प्रकार होय. ज्या गृहिणी कुकरची शिटी बिघडताच प्रथम रबर पाहतात, त्यांस मोटारीचे हे दुखणे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

कोणी म्हणेल, थोडे पाणी आत आले तर बिघडले काय? बिघडते ते डोळ्यांआड. गालिच्याखाली साचलेले पाणी लवकर वाळत नाही आणि तळाचा पत्रा खालून नव्हे, तर आतून गंजू लागतो. रबर बदलण्यास काही शे रुपये लागतात. गंजलेला तळ कापून नवा जोडण्यास त्याच्या अनेक पटींनी खर्च होतो. त्यात आणखी एक नवी गोष्ट आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार अशा मोटारीस 'व्हीए' अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व फेरनोंदणीचे ५,००० रुपये ठरविण्यात आले. अशी मोटार रोजच्या वापरास काढावयाची नसून प्रदर्शन, मेळावे, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणावयाची असते. मुख्य अट अशी की, तिचे मूळ रूप कायम असावे. सांगाडा, बाह्य कवच अथवा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. तेव्हा ज्यांना वाडवडिलांची मोटार पुढील पिढीच्या हाती सन्मानाने द्यावयाची आहे, त्यांनी तिचा मूळ पत्रा जपणे हेच पहिले कर्तव्य समजावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. हे काम घरच्या घरी होण्याजोगे आहे. घरातील मुलामुलींना सोबत घेतल्यास एका रविवारात त्यांचे शिक्षणही होते.

प्रथम दार नीट बसते की नाही ते पाहावे. बिजागरी झिजून दार लोंबत असेल, तर नवे रबर लावून काहीच साधणार नाही. दार सरळ झाल्यावर जुने रबर अलगद काढावे. परंतु ते फेकू नये. त्याचा आडवा छेद हाच दुकानात दाखविण्याचा उत्तम नमुना होय. कोठे पोकळ नळी आहे, कोठे पत्र्यावर बसणारी खाच आहे, हे त्यावरून कळते. नळी वाजवीपेक्षा जाड घेतल्यास दार लागणार नाही, आणि बारीक घेतल्यास फट राहील. घेरा दोरीने मोजून वीतभर अधिक घ्यावे. शक्य तर ई.पी.डी.एम. जातीचे रबर मागावे. ऊन व ओझोन यांना ते नैसर्गिक रबरापेक्षा पुष्कळ अधिक दाद देत नाही.

नंतर जुना चिकटा लाकडी पातीने खरवडून काढावा. लोखंडी पाते फिरविल्यास रंग जातो व तेथेच गंजाचे बीज पडते. थिनरनेही रंग उतरतो. म्हणून स्पिरिट वापरावे, तेही आधी न दिसणाऱ्या जागी लावून पाहावे. गंज दिसल्यास तो घासून, प्रायमर व रंग देऊन पूर्ण वाळू द्यावा. ओल्या किंवा गंजक्या पत्र्यावर चिकटविलेले रबर फार दिवस टिकत नाही.

चिकटविण्यापूर्वी संपूर्ण पट्टी एकदा कोरडीच बसवून पाहावी. आरंभ दाराच्या खालच्या कडेच्या मध्यावर करावा, म्हणजे सांधा तळाशी राहतो आणि वरून ओघळणारे पाणी त्यावर प्रथम पडत नाही. आता सर्वांत महत्त्वाची सूचना. रबर कधीही ताणून लावू नये. ताणलेली पट्टी त्या दिवशी सुरेख दिसते. परंतु पुढे आखडते, कोपऱ्यांतून उचलली जाते आणि सांध्याशी बोटभर अंतर पडते. उलट, कोपऱ्यांवर ती किंचित आत रेटून सैल बसवावी. चिकटा दोन्ही पृष्ठांवर पातळ लावून, तो बोटास जरा चिकट लागेपर्यंत थांबावे. मग हातभर हातभर दाबत जावे. नागपूरच्या उन्हात चिकटा पाहता पाहता सुकतो, म्हणून हे काम सकाळी, सावलीत व मोकळ्या हवेत करावे. त्याची वाफ पेट घेणारी असल्याने जवळपास विस्तव नसावा. शेवटी पट्टी किंचित लांब ठेवून कापावी, म्हणजे दोन्ही टोके एकमेकांवर घट्ट दाबून बसतात.

नवे रबर बसल्यावर दार जड लागेल. त्यामुळे घाबरून जाऊन लगेच कुलपाची खीळ सरकवू नये. दार काही दिवस लावून ठेवावे. रबर आपली जागा घेते. त्यानंतर परीक्षा करावी. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे व ती ओढून पाहावी; ती सहज निघाली तर तेथे फट आहे. किंवा रबरावर खडू घासून दार लावावे; चौकटीवर उमटलेली रेघ जेथे तुटेल, तेथे पाणी शिरेल. मग खालून वर अशा क्रमाने नळीने पाणी सोडावे व एकाने आत बसून पाहावे.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्या. दाराच्या तळाशी बारीक छिद्रे असतात, ती बुजवू नयेत. काचेच्या फटीतून थोडे पाणी दाराच्या पोटात जाणारच. ते निघून जाण्याची वाट तीच. ती बंद केली की दार आतून सडते. दुसरे असे की, ई.पी.डी.एम. रबराला खनिज तेल किंवा साधे ग्रीस लावू नये. त्याने ते फुगते व मऊ पडते. मऊ राखावयाचे तर सिलिकोनचा हात फिरवावा.

अर्थात रबराची शक्तीही ओळखून असावे. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा कित्येक मोटारी बुडाल्या. अशा पुरापुढे कोणतीही पट्टी टिकावयाची नाही; तेथे गाडी वेळीच उंचावर नेणे हाच उपाय. दारावरील रबर आहे ते रोजच्या पावसासाठी आणि रोजच्या धुळीसाठी.

संत्र्याची साल आपण सोलून टाकतो. पण तीच शाबूत असते तोवर आतील फोडी रसदार राहतात. मोटारीच्या बाबतीत ही साल दर काही वर्षांनी बदलता येते, एवढाच काय तो फरक. ज्यांच्या अंगणात अशी मोटार उभी आहे, त्यांनी मृगाच्या आधी एक कागदाची पट्टी घेऊन चारही दारांभोवती फिरून यावे. पाच मिनिटांत कळेल की यंदाचा पाऊस बाहेर राहणार आहे की आत येणार आहे.