शाळेची फी स्वतःच्या कष्टातून

तुमच्या शाळेत 'कार्यानुभव'चा तास होता का? असेल तर खरं सांगा, ती कागदाची फुलं आणि थर्माकोलचं घर तुम्ही केलं होतं की आईने? आमच्या भिलाईत शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाच्या, त्यामुळे विषयाचं नाव वेगळं. पण रात्री दहा वाजता फेव्हिकॉल शोधणारी आई सगळीकडे सारखीच! माझं लोकरीचं आसन आजीने विणलं होतं. 'अ' श्रेणी मात्र मला मिळाली.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या स्मृती नगरातल्या शेजारच्या काकू. त्यांचा दहावीतला मुलगा परवा म्हणाला, सुट्टीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात शिकायला जातो. काकू उसळल्याच. "अभ्यास सोडून दुकानात बसणार? लोक काय म्हणतील?" तो गप्प बसला. मीही गप्प बसले, पण डोक्यात एक शाळा घोळत राहिली.

लॉस एंजेलिसच्या वॉट्स या गरीब वस्तीत १९६२ साली 'व्हर्बम डे' नावाचं कॅथलिक हायस्कूल सुरू झालं. कित्येक दशकं ते फक्त मुलांचं होतं. तिथले विद्यार्थी गळ्यात टाय बांधून महिन्यातले साधारण पाच दिवस ऑफिसात जातात. कुणी बँकेत, कुणी वकिलांकडे, कुणी हॉस्पिटलमध्ये. फाइली लावणं, फोन घेणं, संगणकात माहिती भरणं अशी साधी कामं.

ही पद्धत जन्माला आली ती शिकागोच्या 'क्रिस्तो रे' शाळेत, १९९६ मध्ये. मेक्सिकोतून आलेल्या कामगारांच्या वस्तीत जेझुइट धर्मगुरूंना शाळा काढायची होती, पण पालकांना फी परवडणारी नव्हती. मग युक्ती निघाली. चार मुलांनी मिळून एक पूर्णवेळ नोकरी करायची. आठवड्यातला एकेक दिवस एकेकाचा, उरलेला पाचवा दिवस आळीपाळीने. पगार मुलाच्या हातात येत नाही, तो थेट शाळेकडे जातो आणि त्यातून फीचा मोठा भाग भरला जातो. बुडालेले तास भरून काढायला शाळेचा दिवसही लांबवलेला असतो. आज अशा शाळांचं मोठं जाळं अमेरिकेत आहे.

'अमेरिकेत काहीही होऊ शकतं' असं म्हणणार असाल तर जरा थांबा. आपल्या साताऱ्यात हे कितीतरी आधी झालं होतं.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला हलवली. तिथल्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. त्या काळात हे किती अवघड होतं, ते घरातल्या आजी-आजोबांना विचारा. स्वयंपाक, पाणी भरणं, शेतातलं काम, सगळं मुलंच करायची. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९२७ मध्ये गांधीजी इथे येऊन गेले, आणि वसतिगृहाला 'छत्रपती शाहू बोर्डिंग' हे नाव त्यांच्या हस्ते मिळालं.

मग १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल उभं राहिलं ते 'कमवा व शिका' या तत्त्वावर. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने श्रम करायचे आणि ताठ मानेने शिकायचं. भाऊरावांना मुलांना फुकटचं दान द्यायचं नव्हतं. संस्थेचं ब्रीदच आहे, 'स्वावलंबी शिक्षण'. याच बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही.

आता मला सांगा, माझं आसन आणि साताऱ्याच्या मुलांनी नांगरलेली जमीन, यात फरक काय? माझ्या आसनावर कधी कुणी बसलंच नाही. त्या मुलांनी शेतात काम केलं नसतं, तर ताटात भाकरी आली नसती. शिकागोच्या मुलाने दांडी मारली, तर त्याच्या टेबलावरचं काम तसंच पडून राहतं. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली, तेव्हा त्यांना हेच खरं काम अपेक्षित होतं. आपण त्याचं थर्माकोल केलं.

तरी एक गोष्ट मला खटकते. ज्याच्या बापाकडे पैसे आहेत तो मुलगा दुपारी क्लासला जातो, आणि ज्याच्याकडे नाहीत तो काम करून थकतो. मग स्पर्धा बरोबरीची कशी? साताऱ्यात निदान राबणं सगळ्यांच्या वाट्याला होतं, त्यामुळे कुणाचं काम हलकं ठरत नव्हतं. माझ्या मते श्रीमंत घरातल्या मुलांनाही हेच काम द्यायला हवं. बघा पटतंय का.

आणि हो, कायदाही लक्षात ठेवा. आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलाला नोकरीवर ठेवणं गुन्हा आहे, आणि १८ वर्षांपर्यंत धोक्याच्या कामांवर बंदी आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस 'दप्तराविना' सांगितले आहेत. त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे जाऊन शिकायचं. तुमच्या मुलांच्या शाळेत ते दिवस होतात का, पालकसभेत विचारा. मुलं मोठी असतील आणि पुण्यात शिकत असतील, तर तिथल्या विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. ग्रंथालयात, बागेत किंवा कार्यालयात रोज काही तास काम आणि तासाप्रमाणे मानधन. कॉलेजात चौकशी करायला लाजू नका.

मी बीए इंग्लिश केलं. बाविसाव्या वर्षी पहिली नोकरी लागली, तेव्हा ऑफिसचा फोन उचलून काय बोलायचं हेही मला येत नव्हतं. चौदाव्या वर्षी कुणी शिकवलं असतं, तर पहिला महिना इतकी घाबरले नसते.

काल काकूंना हे सगळं सांगितलं. "सातारा ठीक आहे गं," त्या म्हणाल्या, "पण बोर्डाचं वर्ष आहे." शेवटी रोज दोन तास आणि फक्त मे महिना, एवढ्यावर तह झाला आहे. माझा जुना फोन, ज्याचा स्पीकर दोन वर्षांपासून बंद आहे, तो मात्र पठ्ठ्याने आत्ताच मागून नेला आहे.